पत्रा बदलला म्हणजे गाडी बदलली का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या पेपरात जुन्या गाड्यांच्या रॅलीवर अख्खं पान होतं. फोटो झकास होते, पण त्याच पानावर खाली एका जाणकारांचं मत छापलंय त्यावर मला बोलायचंय. त्यांचं म्हणणं असं की गंजून गेलेल्या गाडीला नवा पत्रा लावून उभी केली की ती ओरिजिनल राहत नाही, ती नकली, आणि असल्या गाड्यांना विंटेजचा नंबर देऊच नये. मी हे मोबाइलवर वाचत होते तेव्हा माझ्या नखांत अजून गाडीच्या पोटाला लावतात ते डांबर अडकलेलं होतं, कारण गेले तीन हिवाळे मी नेमकं हेच करतेय, गंजलेला पत्रा कापायचा आणि नवा लावायचा. त्यामुळे राग आला हे कबूल करते. दोन दिवस थांबून मग लिहायला घेतलं.

मी मूळची चिपळूणची, सध्या इंग्लंडात कॉव्हेंट्रीला राहते, हॉस्पिटलात नोकरी करते. गाड्यांचा धंदा नाही, इंजिनिअर पण नाही. बाबा सरकारी खात्यात ड्रायव्हर होते, साहेबांची पांढरी अँबॅसिडर चालवायचे, आणि रविवारी ती धुवायला घरी आणली की पाना-पक्कड हातात द्यायला मी उभी असायचे, एवढंच काय ते माझं शिक्षण.

आमच्या घराला बाजूला एक गॅरेज आहे, जुन्या पद्धतीचं, इतकं अरुंद की गाडी आत घेतली तर दार उघडून बाहेर येता येत नाही, खिडकीतून यावं लागतं. इथे सगळे लोक त्यात सायकली आणि जुने सोफे ठेवतात. आम्ही पण ठेवायचो. मग २०२२ मध्ये एका म्हाताऱ्या बाईंच्या शेडमध्ये पडून असलेली १९७२ ची एमजीबी रोडस्टर मी अडीच हजार पौंडांना घेतली, बंद अवस्थेतली, ट्रेलरवर टाकून आणली, आणि नवरा दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही.

एमजीबी म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, कारण स्पोर्ट्स कार म्हटलं की आपल्याकडे लोकांना वाटतं करोडोंची भानगड. ही दोन सीटांची, वरून उघडी, १९६२ पासून १९८० पर्यंत ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनली, पाच लाखांच्या वर बनल्या, त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. त्या काळी शाळामास्तर, क्लार्क असल्या माणसांनी घ्यायची गाडी होती. आजही इथे क्लासिक गाड्यांत ती सगळ्यात स्वस्तातली, कारण स्पेअर पार्ट बसल्या जागी पोस्टाने येतात. नुसते नट-बोल्ट नाही, १९८८ पासून तर जुन्याच डाय आणि प्रेस वापरून अख्खी नवी बॉडी शेल, म्हणजे गाडीचा पूर्ण पत्र्याचा सांगाडा, बनवून मिळते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता गंज. इथे हिवाळ्यात बर्फ धरू नये म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. आपण कोकणातले लोक खारं वारं काय करतं ते जाणतो, खिडकीचे गज कसे पापुद्रे सुटून जातात ते बघत मोठे झालो, पण इथे ते मीठ चाकाने उडून थेट गाडीच्या पोटात जातं. आणि या गाडीला वेगळी चासी नाही. ट्रकला, जीपला असते तशी खाली लोखंडाची शिडी नाही, बॉडी हीच चासी. वर टप पण नाही. मग सगळा जोर कुठे? दाराखाली जो उंबरठा असतो ना, ज्याला इथे सिल म्हणतात, त्या दोन उंबरठ्यांत. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, मध्ये एक उभा पडदा, खाली एक कंगोऱ्याची पट्टी, अशी ती बंद पेटी असते, आणि बंद पेटीत पाणी नि चिखल गेला की बाहेर यायला वाट नाही. २०२१ च्या जुलैतल्या पुरानंतर आमच्या चिपळुणात लोकांनी गाड्या धुवून पुसून वापरायला काढल्या आणि वर्षा-दोन वर्षांत खालून पत्रा सडायला लागला, तो हाच प्रकार, आत गाळ बसलेला.

माझ्या गाडीचे सिल वरून छान दिसत होते. रंग पण चकाचक. पोरीच्या हातात फ्रिजवरचं चुंबक दिलं आणि म्हटलं बघ कुठे कुठे चिकटतं. दारावर चिकटलं, बॉनेटवर चिकटलं, उंबरठ्यावर ठेवलं की पडायचं. ठेवलं की पडायचं. पोरीला वाटलं चुंबक बिघडलं. मग मी स्क्रूड्रायव्हर घेऊन जरा दाबलं तर तो मुठीपर्यंत आत गेला. लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली होती हो! आधीच्या कुणा गॅरेजवाल्याने सडलेला पत्रा न काढता त्याच्यावरच पातळ पत्र्याचं झाकण ठोकलेलं, भोकांत बोळे कोंबलेले, वरून लांबी, वरून रंग. आणि बोळे कशाचे? वर्तमानपत्राचे. काढून उलगडले तर फुटबॉलचे निकाल वाचता येत होते. संपादक महाशय, आपल्या धंद्याचा असाही उपयोग होतो हे मला माहीत नव्हतं.

तर नकली गाडी ही. जी मी विकत घेतली ती. कागदावर सगळं ओरिजिनल, पन्नास वर्षांत कुणी 'मोठं काम' केलेलं नाही, फोटोत सुंदर. आणि समोरून जोरात ठोकर बसली असती तर मधून मोडली असती.

मग मी कॉलेजच्या संध्याकाळच्या क्लासला जाऊन मिग वेल्डिंग शिकले. शेजारी एक आजोबा आहेत, ते तरुणपणी इथल्याच कॅनलीच्या ट्रायम्फ कारखान्यात होते, त्यांनी आधी तोंड वाकडं केलं, कारण त्यांच्या मते एमजी ही ऑक्सफर्डवाल्यांची गाडी आणि शहाण्या माणसाने ट्रायम्फ घ्यावी. (१९६८ नंतर दोन्ही एकाच कंपनीच्या होत्या, पण हे त्यांना सांगायची सोय नाही.) नंतर मात्र रोज चहाच्या वेळी यायला लागले आणि स्टुलावर बसून माझ्या चुका मोजायला लागले.

चुका पुष्कळ केल्या. एकदा ठिणगी आत उडाली आणि खालचं जुनं डांबर पेटलं, धूर इतका की पोरगी बाहेर पळाली, पाण्याची बादली भरून ठेवलेली होती म्हणून वाचलो. पण खरी चूक दाराची. सिल कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी पट्टी वेल्ड करून घ्यायची असते, म्हणजे गाडी मधून बसत नाही. डाव्या बाजूला मी नीट लावली. उजव्या बाजूला येईतोवर मला वाटायला लागलं की मला येतंय आता, एक पातळ पट्टी लावून भागवलं. जुना सिल कापला, नवा बसवला, टॅक म्हणजे वेल्डिंगचे छोटे छोटे टिपके मारले, दुसऱ्या दिवशी सकाळी दार लावून बघते तर दार लागेना. वरच्या कोपऱ्यात घासतंय. मोजलं तर वरती फट दोन मिलिमीटर आणि खाली नऊ. म्हणजे गाडी मधून खचली होती, फार नाही, बोटाच्या नखाएवढी, पण तेवढ्याने दार लागत नाही. आजोबा आले, त्यांनी काही न बोलता खिशातून जुनी फूटपट्टी काढली, फटीत घातली, परत खिशात ठेवली आणि म्हणाले, सगळं काप. सगळे टॅक ग्राइंडरने कापले. मधोमध लाकडाचा ठोकळा देऊन खालून जॅक लावला, एक एक दाता वर, दर वेळी दार लावून फट मोजायची, वर चार खाली चार होईपर्यंत. मग जाड पट्टी मारली. मग परत टॅक. आणि टॅक पण सलग नाही मारायचे, एक इथे, एक लांब तिथे, हात लावून गार झालंय बघायचं, मग पुढचा, नाहीतर उष्णतेने सव्वा मिलिमीटरचा पत्रा पापडासारखा वाकतो. त्या एका बाजूला मला पाच आठवडे लागले.

जोडाच्या आतून जस्ताचा प्रायमर मारायचा, बाहेरून शिवणीत सीलर भरायचा आणि सगळं झाल्यावर पेटीच्या आत पातळ मेण फवारायचं म्हणजे पुढची बरीच वर्षं काळजी नको. हे मेण गाडी नवी असताना कारखान्यात मारलं असतं तर मला एवढा उद्योगच पडला नसता. रंगाचं काम मात्र बाहेर दिलं, दोन भाग मिसळून मारायच्या टू-पॅक रंगात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, त्याच्या वाफा फुफ्फुसाला फार वाईट, घरच्या गॅरेजात साधा मास्क लावून तो रंग मारू नये, हॉस्पिटलवाली म्हणून एवढं तरी सांगते. रंग मूळचाच ठेवला. कंपनी त्याला टील ब्लू म्हणायची, आपण मोरपंखी म्हणू.

आता इंजिनाची गंमत. बॉनेट उघडून बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ते चष्मा सारखा करत म्हणाले, अगं हे तर आपलंच आहे! आणि खरंच आहे ते. अँबॅसिडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं, दोन्ही ब्रिटनच्या बीएमसी कंपनीच्या बी-सिरीजचे, एकाच घराण्यातले. मॅनिफोल्ड एका बाजूला, प्लग नि डिस्ट्रिब्युटर दुसऱ्या बाजूला, फायरिंग ऑर्डर एक-तीन-चार-दोन, सगळं तेच. बाबांनी तिथून, चिपळूणच्या ओटीवर बसून, मला टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटी, सेट करायला लावले. त्यांची एक युक्ती आहे, बेरीज नऊची. आठ व्हॉल्व्ह, पुढून मागे एक ते आठ मोजायचे. आठ नंबरचा पूर्ण दाबलेला असेल तेव्हा एक नंबरचा सेट करायचा, सहाचा दाबलेला असेल तेव्हा तीनचा, म्हणजे दोघांची बेरीज कायम नऊ. गॅप पंधरा थाऊ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश. मी इंजिन हाताने फिरवतेय आणि फोनमधून बाबा ओरडतायत, नऊ झाले का, नऊ झाले का. वर दोन एसयू कार्बोरेटर आहेत, ते जुळवताना रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं, दोघांचा फुसफुस आवाज सारखा आला की झालं. स्टेथोस्कोपची सवय असल्यामुळे असेल, ते मला पहिल्या दिवशी जमलं.

इथे एक तक्रार जाता जाता, पेट्रोलची. इथे २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल आहे आणि ते जुन्या रबरी नळ्या नि वॉशर खातं, म्हणून मी महाग, पाच टक्केवालं भरते. आपल्याकडे आता वीस टक्के. ज्यांच्याकडे जुन्या गाड्या आहेत त्यांनी निदान इंधनाच्या नळ्या बदलून घ्याव्यात.

आता मुद्द्यावर येते, म्हणजे खरं तर यासाठीच पत्र लिहायला बसले होते.

आपल्याकडे २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी वेगळा भाग घातला, ते चांगलंच केलं. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, धंद्याला न वापरलेली दुचाकी किंवा चारचाकी, नवीन नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, पुढे नूतनीकरणाला पाच हजार. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए. गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यालाच रस्त्यावर आणायची. ठीक आहे, त्याला माझा आक्षेप नाही. पण व्याख्येत एक अट आहे की गाडी मूळ रूपात ठेवलेली हवी आणि तिचं 'सबस्टॅन्शियल ओव्हरहॉल' झालेलं नको, त्यात चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात केलेले फेरफार येतात. आणि गाडी तपासून ठरवायला राज्याने नेमलेली कमिटी.

आता सांगा, मी जे केलं ते या अटीत कुठे बसतं? सिल कापले म्हणजे बॉडी शेलला हात लावला. पण फेरफार केला का? त्याच मापाचा, त्याच आकाराचा, त्याच जागी पत्रा लावला. तुमचे जाणकार म्हणतात ती नकली झाली. एखाद्या कमिटीतल्या साहेबांनाही तसंच वाटलं तर? आणि मग लोक काय करतील ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण ते माझ्या गाडीत आधीच कुणीतरी करून ठेवलेलं होतं. सडलेलं तसंच ठेवतील, वरून लांबी भरतील आणि 'काही काम केलेलं नाही' म्हणून सही करतील.

इथल्या नियमात हा घोळ एका ओळीने सोडवलाय. इथे चाळीस वर्षांवरची गाडी ऐतिहासिक धरतात, रोड टॅक्स माफ, आणि मे २०१८ पासून दरवर्षीची एमओटी म्हणजे फिटनेस तपासणी पण माफ, फक्त गेल्या तीस वर्षांत गाडीत मोठा बदल झालेला नको. पण त्याच्याच खाली स्पष्ट लिहिलंय की चासी किंवा अख्खी बॉडी शेल मूळ नमुन्याप्रमाणेच बदलली असेल तर तो मोठा बदल धरायचा नाही. मघाशी म्हटलं ना १९८८ पासून नवी शेल मिळते, ती लावली तरी चालतं. मात्र एमजीबीत भलतंच काहीतरी घुसवून तिची वेगळीच गाडी केलीत तर ती सवलत जाते. बदल वेगळा आणि दुरुस्ती वेगळी, एवढं सांगितलं की भांडण मिटतं. (तपासणी माफ केलीय ते मला तितकंसं पटत नाही. माझ्या गाडीसारख्या किती फिरत असतील देव जाणे. मी माझी मुद्दाम तपासून घेतली, पास झाली, एका बाजूचा हँडब्रेक तेवढा सैल निघाला.)

आणि आपल्याला हे समजायला खरं तर इंग्लंडचा दाखला कशाला हवा? कोकणात दर वर्षी पावसाआधी घर शाकारतात. फुटलेली कौलं काढायची, नवी घालायची, कुजलेला वासा दिसला तर तोही बदलायचा. आमच्या आजोबांच्या घरातला एकही वासा आता त्यांच्या वेळचा नसेल. म्हणून ते घर आजोबांचं नाही असं कुणी म्हणत नाही. ज्यांनी शाकारलं नाही त्यांची घरं पडली, ती मात्र अगदी ओरिजिनल अवस्थेत पडली. देवळाचा जीर्णोद्धार करतो तेव्हा देव बदलला म्हणतो का आपण?

माझं म्हणणं एवढंच की आपल्या नियमात, किंवा निदान परिवहन खात्याच्या एखाद्या परिपत्रकात, हे स्वच्छ लिहावं की मूळ नमुन्याप्रमाणे बदललेला पत्रा हा फेरफार नाही. आणि गाडी बघायला येणाऱ्या कमिटीत एक तरी माणूस असा असावा ज्याने आयुष्यभर डेंटिंग केलंय. आपल्याकडे अशी माणसं आहेत. चिपळुणात लहानपणी बघितलेले एक डेंटर होते, हातोडी आणि खाली धरायचा लोखंडी ठोकळा, एवढ्यावर अँबॅसिडरचा चेपलेला मडगार्ड असा सरळ करायचे की लांबी लागायचीच नाही, हात फिरवून सांगायचे कुठे अर्धा सूत उंच आहे. त्यांची मुलं आता मोबाइलच्या दुकानात आहेत. पुढच्या वेळी रॅलीचं पान कराल तेव्हा मालकांच्या टोप्या नि गॉगलचे फोटो दोन कमी छापा आणि त्या गाड्या ज्यांनी उभ्या केल्या त्यांचा एक तरी छापा. आणि बातमीदाराच्या खिशात एक चुंबक द्या. गाडीच्या उंबरठ्यावर ठेवायचं, पडलं तर मालकाला विचारायचं.

पत्र फार लांबलंय, मला माहितीये. कापावं लागलं तर पेट्रोलचं कापा, शेजारच्या आजोबांचं कापा, बाबांचं शक्यतो नको कारण ते पेपर रोज पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात. सिलचा भाग मात्र मधून कापू नका, दार लागणार नाही.

आपली एक वाचक,
कॉव्हेंट्री (मु. पो. चिपळूण)